ढगातून कोसळणारा वारा

आखाजीचा सण झाला, की खानदेशातील उन्हाळा खऱ्या अर्थाने तापू लागतो. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या प्रदेशाची रचना आहे. काळ्या जमिनीच्या या सखल पट्ट्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४० ते ४३ अंश सेल्सिअस असणे ही नित्याची गोष्ट. जळगाव-भुसावळकडे ते एखादे दिवशी ४५ अंशांच्याही पुढे जाते. अशाच एखाद्या दिवशी दुपारी सातपुड्याच्या माथ्यावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे पांढरे ढग दिसू लागतात. चार-पाचच्या सुमारास क्षितिज काळवंडते, धुळीचा लोट धावत येतो आणि पुढची दहा-पंधरा मिनिटे असा वारा सुटतो, की झाडे उन्मळून पडतात, विजेचे खांब वाकतात, घरांवरचे पत्रे उडतात आणि रावेर, यावल, मुक्ताईनगर, चोपडा या भागातील केळीच्या बागा आडव्या होतात. पाऊस मात्र पुष्कळदा जमीन ओली होण्यापुरताच पडतो.

दुसऱ्या दिवशी नुकसानीची पाहणी करताना एक चमत्कारिक गोष्ट आढळते. एका शिवारातील बाग भुईसपाट झालेली असते आणि तेथून दोन-तीन किलोमीटरवरची बाग जशीच्या तशी उभी असते. असे का व्हावे? एवढा जोरदार वारा येतो कोठून? आणि तो येणार हे आधी कळू शकते का? विद्यार्थी मित्रांनो, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी फार मोठ्या गणिताची गरज नाही. बाष्पीभवन, घनता आणि गतीविषयक समीकरणे एवढे तुमच्या पाठ्यपुस्तकातील साहित्य पुरेसे आहे.

ढग वाढतो कसा?

तापलेल्या जमिनीलगतची हवा तापते, प्रसरण पावते, हलकी होते आणि वर चढते. वर दाब कमी असल्याने ती आणखी प्रसरण पावते. या कामी तिची स्वतःचीच ऊर्जा खर्च होते आणि ती थंड होते. ढगाबाहेरची हवा दर किलोमीटर चढताना सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. अशा रीतीने चढता चढता एका उंचीवर ती बाष्पाने संपृक्त होते आणि बाष्पाचे सूक्ष्म जलबिंदू बनू लागतात. ही उंची म्हणजे ढगाचा तळ होय.

येथे एक महत्त्वाची घटना घडते. पाण्याची वाफ करण्यासाठी उष्णता द्यावी लागते, हे तुम्ही जाणता. वाफेचे पुन्हा पाणी होताना तीच उष्णता परत मिळते. एक ग्रॅम बाष्पाचे पाणी झाले, की सुमारे ६०० कॅलरी अप्रकट उष्मा बाहेर पडतो. त्यामुळे ढगातील हवा सभोवतालच्या हवेपेक्षा उबदार राहते आणि आणखी जोराने वर झेपावते. बाष्प हे या अर्थाने ढगाचे इंधन आहे.

खानदेशात हे इंधन मुख्यतः अरबी समुद्राकडून, तापीच्या खोऱ्यातून आत येणाऱ्या दमट हवेबरोबर पोचते. २५ मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागते आणि ७-८ जूनला मृग. या काळात जमीन अजून तापलेलीच असते आणि बाष्प मात्र वाढू लागलेले असते. भट्टी पेटलेली आणि इंधनही हाताशी, अशी ही स्थिती. म्हणूनच मेच्या उत्तरार्धापासून मान्सून स्थिरावेपर्यंतचे दिवस वळवाच्या वादळांचे ठरतात.

असा वाढलेला ढग म्हणजे गर्जन्मेघ. त्याचा माथा १२ ते १५ किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. एव्हरेस्ट शिखराची उंची नऊ किलोमीटरही नाही, हे लक्षात घ्या. जमिनीवर ४२ अंश तापमान असले, तरी उन्हाळ्यात सुमारे पाच किलोमीटरवर ते शून्य अंशाला येते. म्हणजे ढगाचा वरचा मोठा भाग हिमकण, गारा आणि शून्याखालीही न गोठलेले जलबिंदू यांनी भरलेला असतो.

अमेरिकेत १९४६-४७ साली बायर्स व ब्रॅहॅम या शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली अशा ढगांत मुद्दाम विमाने घालून मोजमापे घेण्यात आली. त्यातून गर्जन्मेघाच्या आयुष्याच्या तीन अवस्था स्पष्ट झाल्या. पहिल्या अवस्थेत हवा केवळ वर चढते. दुसरीत एका भागात ती चढत असते, तर दुसऱ्या भागात खाली येत असते. तिसरीत केवळ खाली येणारा प्रवाह उरतो आणि ढग विरतो. एका सुट्या ढगाचा हा सारा जीवनक्रम साधारणतः तासाभरात आटोपतो. आपल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या अवस्थेत, त्या खाली येणाऱ्या प्रवाहात आहे.

पाऊस निघतो, पण पोचत नाही

ढगाचा तळ किती उंचावर असेल, हे काढण्याची एक सोपी रीत आहे. हवेचे तापमान आणि दवबिंदू यांतील फरकाला १२५ ने गुणा. उत्तर मीटरमध्ये येते. समजा, दुपारी तापमान ४२ अंश आहे आणि दवबिंदू १८ अंश आहे. फरक २४ अंशांचा. म्हणून ढगाचा तळ २४ × १२५ = ३,००० मीटर, म्हणजे तीन किलोमीटर उंचीवर असेल. जुलैत याच खानदेशात तापमान ३० व दवबिंदू २५ अंश असला, तर तळ अवघ्या सहा-सातशे मीटरवर येतो.

म्हणजे उन्हाळी ढगातून निघालेल्या थेंबाला जमीन गाठण्यासाठी तीन किलोमीटर तापलेल्या, कोरड्या हवेतून प्रवास करावा लागतो. वाटेत तो आटत जातो. कधी कधी दूरच्या ढगाखाली पावसाच्या करड्या झालरी लोंबताना दिसतात, पण त्या जमिनीपर्यंत पोचत नाहीत. त्या तुम्हीही पाहिल्या असतील.

पाणी आटले, म्हणजे संपले असे नव्हे. आटण्यासाठी लागणारी उष्णता ते सभोवतालच्या हवेतून घेते आणि ती हवा थंड होते. खिडकीला लावलेला वाळ्याचा ओला पडदा किंवा घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. एक किलोग्रॅम हवेत एक ग्रॅम पाणी आटले, तर त्या हवेचे तापमान सुमारे अडीच अंशांनी उतरते. ढगाखालच्या हवेत असा एक प्रचंड कूलर सुरू झालेला असतो. थंड झालेली हवा आकसते, तिची घनता वाढते आणि ती जड होऊन खाली कोसळू लागते. त्यात पडणारे थेंब व गाराही तिला आपल्याबरोबर खाली ओढतात.

तुम्ही येथे शंका काढाल, की खाली येताना हवा दाबली जाऊन पुन्हा तापेल. ती तापते हे खरे. दर किलोमीटरला ९.८ अंशांनी तापते. पण उन्हाळी दुपारी सभोवतालच्या हवेचे तापमानही खाली जवळजवळ त्याच प्रमाणात वाढत गेलेले असते. त्यामुळे दोहोंतील फरक टिकून राहतो. शिवाय उरलेले थेंब आटण्याचे काम चालूच असते. म्हणून ही हवा वाटेत थांबत नाही. सरळ जमिनीवर येऊन आदळते.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. हवा जितकी कोरडी आणि तळ जितका उंच, तितका पाऊस कमी आणि वारा जास्त. खानदेशच्या ज्या उन्हाला आपण नावे ठेवतो, तेच ऊन या थंड वाऱ्याला बळ देते. जुलैतील पावसात हवा आधीच दमट असते, थेंब फारसे आटत नाहीत; म्हणून पाणी पुष्कळ पडते, पण असा झोत सहसा येत नाही.

एक सोपे गणित

हा वारा किती वेगाचा असेल, ते अदमासे काढून पाहू. कोसळणारी हवा सभोवतालच्या हवेपेक्षा सरासरी ३ अंशांनी थंड आहे असे समजा. ४२ अंश सेल्सिअस म्हणजे ३१५ केल्व्हिन. ३१५ मध्ये ३ म्हणजे जवळजवळ एक शतांश. तेव्हा ही हवा सभोवतालच्या हवेपेक्षा एक टक्क्याने जड झाली. तिचे खाली जाण्याचे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या एक टक्का, म्हणजे दर सेकंदाला दर सेकंदास ०.१ मीटर इतके होईल.

त्वरण अगदीच किरकोळ दिसते, पण अंतर ३,००० मीटर आहे. वेगाचा वर्ग = २ × त्वरण × अंतर, हे समीकरण वापरा. २ × ०.१ × ३,००० = ६००. याचे वर्गमूळ सुमारे २४.५. म्हणजे वेग सेकंदास २४.५ मीटर, अर्थात ताशी ८८ किलोमीटर! प्रत्यक्षात बाहेरची हवा मिसळल्याने हा वेग घटतो, तर पावसाच्या व गारांच्या वजनाने तो वाढतो. तरी एवढ्या साध्या गणिताने मिळालेले उत्तर वास्तवाला धरून आहे.

जमिनीवर आदळलेली हवा जमिनीत शिरू शकत नाही. नळाची धार फरशीवर पडल्यावर पाणी जसे चहूकडे पसरते, तशी ती चारी दिशांना पसरते. आपल्याला जाणवणारा सोसाट्याचा वारा तो हाच. धार जेथे पडते त्या जागेजवळ जोर सर्वांत जास्त असतो. दूर जावे तसा तो ओसरतो. एका शिवारातील बाग पडावी व पलीकडची उभी राहावी, याचे कारण हे आहे.

पडलेली झाडे काय सांगतात?

हा विचार आज सोपा वाटतो, पण तो मान्य होण्यास वेळ लागला. त्याचे श्रेय जपानमध्ये जन्मलेले आणि पुढे शिकागो विद्यापीठात संशोधन करणारे तेत्सुया फुजिता यांच्याकडे जाते. १९४५ साली अणुबाँब पडल्यानंतर काही आठवड्यांनी फुजितांनी नागासाकी व हिरोशिमा येथील विध्वंसाची पाहणी केली होती. स्फोटाच्या जागेभोवती झाडे चक्राच्या आऱ्यांप्रमाणे बाहेरच्या बाजूस पडलेली त्यांनी पाहिली होती. १९७४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत एकाच वेळी अनेक टॉर्नेडो झाले. त्यांचे नुकसान विमानातून पाहताना एका जंगलात फुजितांना झाडे पुन्हा तशीच, आऱ्यांप्रमाणे पडलेली दिसली. टॉर्नेडोत वारा गरगर फिरतो. त्याने पाडलेली झाडे वेडीवाकडी किंवा आतल्या बाजूस वळलेली असतात. हे चित्र निराळे होते. हवा वरून पडून चहूकडे फाकली असली पाहिजे, असे फुजितांनी अनुमान काढले.

पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरणारे एक प्रवासी विमान गर्जन्मेघाखाली सापडून कोसळले आणि शंभरांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तपासात फुजितांनी दाखवून दिले, की विमान अशाच अधोगामी झोतात सापडले होते. त्या वेळी काही शास्त्रज्ञांनी शंका घेतली. पण १९७८ साली शिकागोजवळ आणि १९८२ साली डेन्व्हरजवळ डॉप्लर रडार लावून केलेल्या निरीक्षणांत असे झोत प्रत्यक्ष टिपले गेले. डेन्व्हरचा प्रदेशही सपाट, कोरडा आणि उंच तळाच्या ढगांचा आहे, ही बाब आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लहान झोताचा व्याप चार किलोमीटरपेक्षा कमी असतो आणि तो काही मिनिटेच टिकतो.

केळीच का पडते?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, तर दाब चौपट होतो. सेकंदास २४ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ३२ किलोग्रॅम वजनाइतका भरतो. तीन मीटर लांब व एक मीटर रुंद पत्र्यावर हे बल जवळजवळ एक क्विंटल होते. छपरावरून वेगाने वाहणारी हवा पत्र्याला वर खेचते. त्यात वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे असेल, तर आत शिरलेली हवा खालूनही रेटा देते. म्हणून वादळ येताना वाऱ्याच्या बाजूची दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. केवळ दगड ठेवलेले पत्रे या बलापुढे टिकत नाहीत, उलट ते दगडच खाली पडून इजा करतात. पत्रे आकड्यांनी वाशांना घट्ट बांधलेले असावेत.

केळीचे तर आणखी अवघड आहे. आपण ज्याला केळीचे खोड म्हणतो ते लाकूड नव्हे. पानांचे देठ एकावर एक गुंडाळून झालेला तो पाणीदार खांब आहे. मुळे जमिनीच्या वरच्या थरातच पसरतात. माथ्यावर मोठमोठी पाने आणि एका बाजूला लोंबणारा वीस-पंचवीस किलोचा घड. अडीच मीटर उंचीवर बल लावले, म्हणजे तरफेच्या नियमाने बुंध्याशी केवढा ताण येईल, याची कल्पना करा. पाने शिरांच्या रेषेत फाटून चिंध्या होतात, त्यामुळे वाऱ्याला थोडी वाट मिळते. निसर्गाने केलेली ही सोयच म्हणावी. पण झोत मोठा असला, की खोड मधेच मोडते किंवा झाड मुळासकट उलथते.

यात काळही आडवा येतो. जून-जुलैत लावलेल्या मृगबागेचे घड पुढच्या उन्हाळ्याच्या अखेरीस भरत आलेले असतात, आणि वळवाची वादळेही नेमकी तेव्हाच येतात. वर्षभराचे पाणी, खत आणि मजुरी ज्यावर खर्च झाली, ते पीक पंधरा मिनिटांत जाते. आडव्या झालेल्या झाडावरचा कच्चा घड बाजारात जवळपास निरुपयोगी असतो.

यावर उपाय म्हणून बागेभोवती शेवरी, बांबू अशा झाडांचे दाट कुंपण करतात. असे कुंपण आपल्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते. घड लागलेल्या झाडांना बांबूचा टेकू देतात किंवा पट्ट्यांनी झाडे एकमेकांना बांधतात. अतितीव्र झोतापुढे हे उपाय अपुरे पडतात, पण मध्यम वाऱ्यात बाग वाचू शकते.

आणखी एक मुद्दा. फळपीक विम्यात वेगाचा वारा हा एक धोका धरलेला आहे. वाऱ्याचा वेग ठिकठिकाणच्या स्वयंचलित हवामान केंद्रांवर मोजला जातो. पण झोत दोन किलोमीटरचा आणि केंद्र पाच किलोमीटरवर असले, तर केंद्रावर मंद वाऱ्याचीच नोंद होईल, मग शेजारचे शिवार झोपलेले का असेना! म्हणून केंद्रावरच्या आकड्याइतकेच शेतातील पाहणी व पंचनाम्याला महत्त्व आहे.

गारा केव्हा?

वादळाबरोबर गाराही पडतात, पण त्यांचा मुख्य हंगाम थोडा आधीचा, फेब्रुवारी ते एप्रिल असा आहे. त्या काळात शून्य अंशाची पातळी अधिक खाली असते, त्यामुळे गारांना वितळण्यास वेळ कमी मिळतो. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रातील तेव्हाच्या ३५ पैकी २८ जिल्ह्यांना गारपिटीचा तडाखा बसला. धुळे व जळगाव हे जिल्हेही त्यांत होते. काढणीला आलेला गहू, हरभरा, कांदा आणि फळबागा यांची मोठी हानी झाली.

हाती असलेली तेरा मिनिटे

झोत नेमका कोणत्या शेतावर पडेल, हे आदल्या दिवशी सांगता येत नाही. भारतीय हवामान विभाग जिल्ह्यासाठी इशारा देतो आणि रडार व उपग्रहांच्या आधारे पुढील तीन तासांचा तात्कालिक अंदाजही देतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे मोबाइलवरचे ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते. पण शेवटची सूचना आपल्याला आकाशच देते.

पसरलेल्या थंड हवेची आघाडी पावसाच्या पुढे धावते. ती जमिनीवरची धूळ उचलते. दुरून दिसणारी धुळीची भिंत म्हणजे ही आघाडीच. तिचा वेग ताशी ४५ किलोमीटर असेल आणि ती दहा किलोमीटरवर दिसली, तर आपल्यापाशी साधारण तेरा मिनिटे आहेत. पडलेला वारा, एकाएकी बदललेली दिशा आणि अंगाला लागलेली गार झुळूक म्हणजे वेळ संपत आल्याची खूण.

त्या वेळी पीक वाचवता येत नाही. माणसे व जनावरे वाचवता येतात. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा. ध्वनीला एक किलोमीटर जाण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. अंतर ३० सेकंदांपेक्षा कमी असेल, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच काम थांबवून पक्क्या घरात किंवा बंद मोटारीत जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. चिंच-निंबाच्या झाडाखाली मुळीच थांबू नये आणि तेथे बांधलेली गुरे वेळीच सोडावीत. तारेचे कुंपण, लोखंडी पाइप व पंपाची पेटी यांना हात लावू नये. आसरा नसेल, तर सखल जागी दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे होऊ नये, कारण विजेचा प्रवाह जमिनीतूनही पसरतो. वादळानंतर तुटून पडलेल्या तारांजवळ जाऊ नये.

तुम्ही काय करू शकाल?

पुढच्या वादळानंतर, सर्व शांत झाल्यावर, शिक्षकांसह गावाच्या शिवारात जा. शेतकऱ्याची परवानगी घ्या. ज्याची बाग पडली आहे त्याच्या दुःखाचे भान ठेवून काम करा. बरोबर होकायंत्र, वही आणि गावचा नकाशा असू द्या. दर शंभर-दोनशे मीटरवर झाडे कोणत्या दिशेला पडली आहेत ते पाहून नकाशावर बाण काढा. सर्व बाण एका जागेपासून बाहेर फाकत असतील, तर ती जागा झोताच्या पायथ्याची. सर्व बाण समांतर असतील, तर तुम्ही झोताच्या एका कडेला आहात, किंवा झोत फार मोठा होता. बाण एका रेषेकडे वळत असतील, तर वारा फिरता होता. जवळच्या गावांतील शाळांनीही अशीच नोंद केली आणि नकाशे एकत्र जोडले, तर वादळाचा पूर्ण ठसा मिळेल. वादळाची वेळ, आधीचे व नंतरचे तापमान आणि पर्जन्यमापकातील पाऊस हेही लिहून ठेवा.

लोक पडलेली झाडे दोन-चार दिवसांत उचलतात, म्हणून हे काम दुसऱ्याच दिवशी व्हायला हवे. असे नकाशे दरवर्षी जमत गेले, तर आपल्या गावात वारा बहुधा कोणत्या बाजूने येतो, कुंपणाची झाडे कोठे लावावीत आणि पत्र्यांना कोणत्या अंगाने अधिक बांधावे, हे गावालाच सांगता येईल.